बिनसीडीची गाडी

चंद्रप्रभाबाईंनी जन्मात कधी कॉम्प्युटरवरचा खेळ खेळला नव्हता. मुदखेडच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं आणि कुणाच्या दप्तरात मोबाइल सापडला तर त्या पोराच्या बापाला शेतातून बोलावून घेतलं. गेम म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, असं त्या उघड म्हणायच्या. अशा बाईवर सत्तरीच्या उंबरठ्यावर एका गेमसाठी दारोदार फिरायची पाळी आली. म्हणून माणसाने कशाला नावं ठेवू नयेत.

गेम त्यांच्या यजमानांचा. रेणुकादासराव रेल्वेत स्टेशनमास्तर. गावात बायकोला ‘बाई’ म्हणत आणि नवऱ्याला ‘मास्तर’, त्यामुळे नव्या माणसाला दोघंही शाळेतलेच वाटायचे. मास्तरांनी बाईंच्या शाळेत मात्र कधी पाऊल ठेवलं नाही. त्यांची सगळी नोकरी उमरी, धर्माबाद, मुदखेड अशी एकाच रुळावर मागेपुढे झाली. निवृत्तीनंतर त्यांनी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं, म्हणजे गाडीचा भोंगा जेवताना ऐकू यावा.

मुलगा अनिमेष इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याने वडिलांसाठी रेल्वेचा एक गेम आणला. नकलेचा नव्हे, चांगला खोक्यातला, विकत घेतलेला. त्या काळी हा शहाणपणा करणारा नांदेडात तो एकटाच असेल. गेममध्ये दोन स्टेशनं, मध्ये एकेरी लाईन, सिग्नल आणि बाजूच्या रुळावर थांबवायच्या मालगाड्या. गाड्या समोरासमोर न आणता सोडायच्या, एवढाच खेळ. स्टेशनांची नावं कुठल्या तरी परमुलखातली होती, ती मास्तरांनी वाचलीसुद्धा नाहीत. एकाला ते मुदखेड म्हणाले, दुसऱ्याला उमरी. खऱ्या लाईनवर दोघांच्या मध्ये असलेलं स्टेशन त्यांनी परस्पर रद्द केलं.

मग मास्तरांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, हे सगळ्यांचंच होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते बाईंना म्हणाले, “चहा चांगला करता तुम्ही. रोज येता का?”

“अहो, मी प्रभा,” बाई म्हणाल्या.

“प्रभा शाळेत गेली असेल,” मास्तर म्हणाले आणि चहा प्यायले.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून त्यांनी एक नेम धरला. रोज सकाळी चहा देताना त्या न चुकता सांगायच्या, “मी प्रभा. तुमची बायको.” कधी मास्तर मान डोलवत, कधी संकोचून उठून उभे राहत. परक्या बाईने असं म्हटल्यावर भला माणूस दुसरं काय करणार? बाईंनी तरी नेम सोडला नाही. वर्गातल्या ढ पोरालाही पाढे त्यांनी असेच पाठ करून घेतले होते.

या सगळ्यात तो गेम मात्र शाबूत राहिला. सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून मास्तर त्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसत, पाकिटातून सीडी काढून स्वतःच्या हाताने आत घालत आणि दुपारपर्यंत गाड्या सोडत. एकही चुकत नसे. ज्याला बायको ओळखू येत नव्हती त्याला मालगाडी कुठे थांबवायची ते बरोबर कळत होतं. ड्यूटीवर चढल्याशिवाय डबा उघडायचा नाही ही त्यांची नोकरीभराची शिस्त, तीही शाबूत होती. म्हणून बाई स्वयंपाकघरातून बैठकीत न्यायचं जेवणही डब्यात भरून द्यायच्या. ड्यूटी झाली की डबा, डबा झाला की झोप. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, “हे चालू आहे तोवर तुमचं घर चालू आहे.”

आणि हेच बाईंनी आपल्या हाताने बंद पाडलं.

आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. दसरा काढणं म्हणजे घरातली वाकळ-गोधडीपासून फडताळातल्या पळीपर्यंत एकूण एक वस्तू बाहेर काढायची, धुवायची, उन्हात टाकायची आणि नको ते वाटून टाकायचं. मदतीला गुणाबाई होती. ती उमरीच्या वाटेवरच्या एका वस्तीवरून कामाला यायची. घरची थोडी जमीन होती आणि तिच्यात हायब्रीड ज्वारी उभी होती.

“बाई, ह्या चकत्या फेकणार हाव का?” गुणाबाईने सीड्यांचा ढीग दाखवून विचारलं. “मला द्या की. ज्वारीवर पाखरं लई बसून राहिलीत. ह्या बांधल्या की चमकतात अन् भेतात.”

“ने सगळ्या,” बाई म्हणाल्या. “आता कोण बघतंय त्या?”

ढिगात अनिमेषच्या लग्नाची होती, भजनांच्या होत्या आणि टेबल पुसायचं म्हणून उचलून ठेवलेली गाडीच्या चित्राचीही होती. बाईंनी ती पाहिली होती, असं नाही की पाहिली नव्हती. पण त्यांच्या डोक्यात सरळ हिशेब होता: गेम कॉम्प्युटरमध्ये असतो, तो तर जागेवरच आहे. दसऱ्याच्या नादात घरातलं निम्मं सामान असंच जातं आणि मग दिवाळीला आठवतं.

बाईंना मात्र दुसऱ्याच सकाळी आठवलं. मास्तर शर्ट घालून बसले, टेबलावर हात फिरवला, खण उघडले, खुर्चीखाली वाकले. बाईंनी घाईघाईने गेमच्या चित्रावर टिचकी मारली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: मूळ डिस्क घाला. बाईंनी पुन्हा टिचकी मारली, पुन्हा तीच ओळ. मास्तर वाट पाहत बसले. डबा आला, त्यांनी बाजूला सरकवला. “चढलो नाही अजून,” ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत चढले नाहीत, जेवलेही नाहीत.

पुढे रोज तेच. पोटात काय, तर बाईंनी आर्जवं करून पाजलेलं दूध आणि कधी केळं. आणि मग ते बाहेर पडू लागले. घरात ड्यूटी नाही तर स्टेशनवर असेल, असा साधा विचार त्यांच्या मनात येत असावा. एकदा स्टेशनवरचा पॉइंट्समन भागवत त्यांना बखोट्याला धरून घेऊन आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाई, मास्तर रुळामधून चालून राहिले होते. उमरीकडं. मागून गाडी होती,” तो म्हणाला. “मी न्हाई बघितलं असतं तर…” बाईंनी त्या दिवशी दाराला कुलूप घातलं, आणि आत नवरा दार ठोठावत असताना बाहेर ओट्यावर बसून पदराने डोळे पुसले.

अनिमेष पुण्याहून फोन करायचा. पोरगा वाईट नव्हता, आईचा आवाज ऐकून तोच रडकुंडीला यायचा. “आई, लातूरला एक केंद्र आहे, अशा माणसांसाठीच. मी बोललोय त्यांच्याशी. तुझ्याच्याने नाही व्हायचं आता. मी शनिवारी गाडी घेऊन येतो.”

“तिथे त्यांना रुळाचा आवाजसुद्धा येणार नाही रे,” बाई म्हणाल्या.

“म्हणून तर,” अनिमेष म्हणाला.

बाईंनी फोन ठेवला आणि तशाच चपला घातल्या. मास्तरांपाशी शेजारची महानंदा बसली. बाई रिक्षा करून गुणाबाईच्या शेतात गेल्या.

ज्वारी डोक्याएवढी होती. कणसांवरून दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर सीड्या फिरत होत्या, एवढ्या झगझगीत की बाईंचे डोळे दिपले. पण एकीवरही चित्र दिसेना. दोन्ही अंगांनी नुसता आरसा.

गुणाबाईचा नवरा श्रीमंत कौतुकाने सांगू लागला, “एका अंगानं चमकायची अन् एका अंगानं न्हाई. पाखरं हुशार झालीत, मागल्या बाजूनं येतात. मग मी दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवल्या. पक्कं फेविकॉल. आता कुण्या बाजूनं बी या म्हणावं!”

असली अक्कल आपल्याच लोकांना सुचते आणि नेमकी नको त्या जागी सुचते. बाईंनी एकेक जोडी उतरवून उन्हात धरली. मधल्या भोकाजवळ, फेविकॉल पोचलं नव्हतं तिथे, चित्राचा रंग थोडा डोकावत होता. शेवटी एका जोडीत इंजिनाचा लाल रंग दिसला. त्यांनी ती छातीशी धरली. खरं तर तशीच उचलून कुणा जाणकाराकडे न्यायची. पण जीव घायकुतीला आलेला. त्यांनी नख घालून दोन्ही चकत्या ओढल्या. टक् असा आवाज झाला. गाडीची सीडी सुटली, आणि तिची सगळी चांदी सोलून भजनाच्या सीडीला चिकटून राहिली. बाईंच्या हातात काचेसारखी आरपार चकती उरली, तिच्यातून ज्वारी दिसत होती.

“तुटली न्हाई बाई, चांगली हाय की,” गुणाबाई म्हणाली.

बाई बांधावर मट्‌कन बसल्या. “गुणाबाई, माझ्या हाताने गेलं गं,” त्या म्हणाल्या. श्रीमंत बिचारा कानकोंडा होऊन पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या नांदेडला गेल्या. कॉम्प्युटरच्या दुकानांमधून त्यांनी ती चकती दाखवत फिरावं आणि दुकानदारांनी हसावं, असं दुपारपर्यंत चाललं. एकाने तर सांगितलं, “आजी, आता सीडीची खाचच येत नाही मशीनला.” शेवटी एका बोळातल्या दुरुस्तीच्या दुकानात दयानंद भेटला. तो मूळचा जळकोटचा, चाळिशीतला. त्याने चकती उजेडात धरली.

“हिच्यात काहीच न्हाई काकू. जे होतं ते त्या चांदीवर होतं.”

“म्हणजे गेम गेला?”

“गेम कुठं जातंय? गेम मशीनमधीच हाय. एकदा बसवला की सगळा आत. ही सीडी फक्त साक्षीला मागतंय. विकत घेतलेला माणूस हाय का चोर हाय, ते बघायला. सीडी धड असती तर तिची नक्कल करून मशीनच्या पोटात ठेवली असती. मशीनला वाटलं असतं सीडी घातलेलीच हाय. आता नक्कल कशाची करणार?”

“आम्ही चोर नाही,” बाई ताठ झाल्या. “आम्ही विकत घेतलाय. खोकं आहे घरी.”

“खोकं कोण बघतंय?” दयानंद हसला. “गंमत हीच हाय काकू. ज्यांनी चोरून घेतला त्यांना सीडी लागतच न्हाई. त्यांच्याकडं ती विचारणारी फाईलच बदललेली असती. धडधड चालतंय.”

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. बाईंचं डोकं भणाणलं. परीक्षेत कॉपी धरायला त्या वर्गावर्गातून फिरल्या होत्या, तालुक्यात त्यांच्या नावाने पोरं घाबरायची. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

“ती चोरांची फाईल मिळेल का?”

गिऱ्हाईक काय मागतंय यापेक्षा कसं मागतंय ते दयानंदने पाहिलं असावं. “कोणासाठी पाहिजे?” त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं. रूळ, कुलूप, डबा, शनिवार, सगळं सांगितलं आणि सांगता सांगता त्या दुकानातच रडल्या, परक्या माणसासमोर, भर बाजारात.

“काकू, रडू नका. गेम लई जुना हाय. कंपनी बी राहिली न्हाई आता, कुठं मागायची सोय न्हाई. लातूरला माझा एक दोस्त हाय हरिओम, त्याचं गेमचं दुकान होतं. त्याच्या जुन्या डिस्का माळ्यावर पडून हायत. विचारतो.”

दोन दिवस बाईंनी फोन हातातून खाली ठेवला नाही. मास्तर आता दूधही नको म्हणत होते. ओठ सुकले होते, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती, तरी सकाळी अंघोळ करून टेबलाशी बसत होते. बाईंनी चहा देताना म्हटलं, “मी प्रभा.” त्यांनी वर पाहिलं नाही. बाईंना वाटलं, देवा, शनिवार यायच्या आत एक तर मला ने नाही तर यांना. असलं अभद्र त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या, तेही मनातल्या मनात.

शुक्रवारी दयानंद स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन मुदखेडला आला. हरिओमने माळा उपसून फाईल शोधली होती. दयानंदने जुन्या मशीनवरची धूळ फुंकली, एक फाईल काढली, तिच्या जागी दुसरी ठेवली आणि टिचकी मारली. पडदा काळा झाला. आणि मग तो ओळखीचा भोंगा वाजला, सिग्नल लागले, दोन्ही स्टेशनं उभी राहिली आणि खालच्या रुळावर मालगाडी आपली वाट पाहत थांबलेली दिसली.

“झालं काकू. बिनसीडीचा चालू,” दयानंद म्हणाला.

बाईंनी त्याच्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळून बोटं मोडली. मग धावत आत जाऊन मास्तरांना आणलं, डबा आणला. मास्तर बसले. पडद्याकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. हात माउसवर गेला आणि थांबला. तो हात टेबलावर आला, कॉम्प्युटरच्या खाचेवर फिरला, रिकाम्या पाकिटात गेला.

“गोळा?” मास्तर म्हणाले.

“काका, सीडी लागत न्हाई आता. बिनसीडीचं केलंय,” दयानंदने समजावलं.

मास्तरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो खुर्चीवरून उठला.

“बिनगोळ्याची गाडी सोडायची?” मास्तरांचा आवाज कितीतरी दिवसांनी खणखणीत लागला. “एकेरी लाईन आहे ही. लोखंडी गोळा यंत्रातून निघाला तर लाईन मोकळी. ड्रायव्हरच्या हातात गोळा असेल तर गाडी हलेल. नाही तर समोरून दुसरी येतेय की काय, कोण सांगणार? माणसं बसलीत त्यात!”

कॉम्प्युटरची साक्ष चुकवता आली होती. पण इतकी वर्षं मास्तर ती सीडी कॉम्प्युटरसाठी घालतच नव्हते. रोज सकाळी ते गोळा घेऊन लाईन मोकळी असल्याची खात्री करत होते, आणि गोळ्याशिवाय गाडी सोडायला त्यांचा हात धजत नव्हता.

दयानंदने बॅगेतली एक कोरी सीडी काढून पुढे केली. मास्तरांनी ती उलटीसुलटी पाहिली. “हा आपल्या सेक्शनचा नाही,” त्यांनी परत दिली. बाईंनी मग ती सोललेली चकती आणली. मास्तरांनी तिच्यातून खिडकीकडे पाहिलं, बोट फिरवलं, आणि फार हळुवारपणे टेबलावर ठेवली.

“फुटला,” ते म्हणाले. “सेक्शन बंद.”

ते उठून पलंगावर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. पडद्यावर मालगाडी थांबलेलीच होती. दयानंद मान खाली घालून म्हणाला, “काकू, मला जे येतंय ते मी केलं,” आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या हातातलं त्याने सगळं केलं होतं.

शनिवारी सकाळी अनिमेषचा फोन आला, तो निघाला होता. बाईंनी मास्तरांची बॅग भरली. चार शर्ट, स्वेटर, दाढीचं सामान. भरता भरता त्यांना इतका संताप आला की बॅग तशीच टाकून त्या पलंगापाशी गेल्या.

“काय हो,” त्या जवळजवळ ओरडल्याच, “गोळा फुटला की गाड्या काय कायमच्या बंद राहायच्या का? कधी फुटलाच नाही तुमच्या नोकरीत? माणसं काय रुळावर बसून म्हातारी झाली?”

मास्तरांनी मान वळवली. प्रश्न ऑफिसातला होता, आणि ऑफिसातल्या प्रश्नाला ते अजून उत्तर देऊ शकत होते.

“कायमच्या कशा? यंत्र बिघडतंच. मग पुढच्या स्टेशनला फोन लावायचा. तिथला मास्तर लाईन मोकळी आहे म्हणून सांगतो. त्याचा गुप्त आकडा देतो, आपण तो लिहून घेतो. तोच गोळा.”

“मग लावा की उमरीला!”

“लावतो रोज,” मास्तर थकून म्हणाले. “उमरीला कुणी उचलत नाही.”

बाईंनी मास्तरांना हाताला धरून टेबलाशी बसवलं, त्यांचा जुना बटणांचा मोबाइल आणि भरलेला डबा कीबोर्डशेजारी ठेवले, आणि स्वतःचा फोन घेऊन मागच्या दाराने परसात गेल्या. कढीपत्त्याच्या झाडाखाली उभं राहून त्यांनी नंबर लावला. घरात घंटी वाजलेली त्यांना ऐकू आली. एकदा, पुन्हा, पुन्हा. मग थांबली.

“मुदखेड,” मास्तरांचा आवाज आला.

बाईंच्या ओठांवर आलेले शब्द दुसरेच होते. अहो, मी प्रभा. रोज सकाळी घोकलेले शब्द, तेवढेच खरे. पण ते शब्द म्हटले की ते फोन ठेवतील, हे त्यांना पक्कं कळत होतं. भिंतीपलीकडे बॅग अर्धी भरलेली होती.

“उमरी,” त्या म्हणाल्या.

“बोला, बोला!” मास्तरांच्या आवाजात केवढा जीव आला. “कुठे होता हो? माझा गोळा फुटलाय. मालगाडी उभी आहे. लाईन क्लिअर देता का?”

“दिली.”

“आकडा?”

“सत्तेचाळीस,” बाईंनी तोंडाला येईल तो सांगितला.

“सत्तेचाळीस,” मास्तरांनी परत म्हणून घेतलं. खिडकीतून बाईंना दिसलं, मोबाइल मानेने खांद्यावर दाबून त्यांनी माउस धरला. मालगाडी हलली. एका हाताने गाडी सोडत दुसऱ्या हाताने त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. बाईंनी कढीपत्त्याच्या खोडाला धरलं.

“आवाज नवा आहे,” घास चावत मास्तर फोनवर म्हणाले. “बाई आहात का तुम्ही?”

“हो. नवीन बदली होऊन आलेय.”

“बरं झालं. उमरीला बरेच दिवस कुणी नव्हतं. जेवलात का?”

“जेवते आता.”

“जेवून घ्या. आमच्या इथे एक बाई येतात, चांगल्या आहेत, वेळेवर डबा देतात.” मग मास्तर आवाज उतरवून, मोठ्या भिडेने बोलल्यासारखे बोलले, “एक घरगुती काम होतं तुमच्याकडे. सांगू का? आमची मंडळी, प्रभा तिचं नाव, शाळेत शिकवते. कुठे गेलीय, इतके दिवस घरी आली नाही. मला ड्यूटी सोडून इथून हलता येत नाही. तुमच्या बाजूला कुठे दिसली तर तिला पहिल्या गाडीत बसवून द्या. म्हणावं, मी वाट बघतोय.”

पुढच्या दाराशी अनिमेषची गाडी येऊन थांबली. परसात बाईंनी तोंडावर पदर दाबून धरला होता, आणि फोन कानाशी तसाच होता.

“बसवून देते, मास्तर,” त्या म्हणाल्या.